जुन्या गाडीस जोगता सायलेन्सर

घरांतील एखादी जुनी वस्तु मोडली म्हणजे तिच्याविषयीं घरांत दोन पक्ष पडतात, हा बहुतेक एकत्र कुटुंबांचा अनुभव आहे. एक पक्ष म्हणतो, टाकून द्या आणि नवी आणा. दुसरा म्हणतो, दुरुस्त होत आहे तोंवर टाकूं नये. तांब्याचा बंब, शिसवी झोपाळा आणि लंबकाचें घड्याळ ह्यांविषयीं हा वाद आमच्या घरीं पूर्वींच होऊन गेला होता. सन 2023 च्या पावसाळ्यांत तो एका मोटारसायकलीवरून उपस्थित झाला, आणि त्याचें कारण होतें एक लोखंडी नळकांडें. ह्या नळकांड्यास मराठींत धुराडें म्हणावें असें कोणी सुचवील. परंतु मिस्त्रीपासून गिऱ्हाइकापर्यंत सर्वजण त्यास सायलेन्सर म्हणतात, तेव्हां आम्हीही तोच शब्द पत्करतों.

आमचें घर तळेऱ्याच्या एका वाडींत आहे. तळेरें हें मुंबई-गोवा महामार्गावरील नाक्याचें गांव. येथून पश्चिमेकडे विजयदुर्गाचा रस्ता फुटतो आणि पूर्वेकडे वैभववाडी, करूळचा घाट व गगनबावडा ह्या वाटेनें कोल्हापूरचा. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर अण्णा म्हणतें, ते माध्यमिक शाळेंत शास्त्र शिकवीत असत. शाळा दूर, एस. टी.च्या फेऱ्या थोड्या, म्हणून सन 1989 मध्यें त्यांनीं येझदी रोडकिंग ही गाडी घेतली. आज अण्णांनीं सत्तरी ओलांडली आहे. वाडींतून नाक्यावर जाणें, टपाल पाहणें, वहिनींचीं औषधें आणणें हीं कामें ते अद्याप त्याच गाडीवरून करतात. बिनगिअरच्या नव्या गाडीवर आतां आपला हात बसेल असा त्यांस भरंवसा नाहीं. तेव्हां ही गाडी भंगारांत जाणें म्हणजे अण्णांचें घराबाहेर पडणें दुसऱ्याच्या सवडीवर सोपविणें होय, ही गोष्ट कोणी बोलून दाखविली नाहीं तरी घरांत सर्वांस कळत होती.

दोष प्रथम ध्यानांत आला तो वहिनींच्या डोकेदुखीवरून. पावसाचे दिवस असल्यामुळें गाडी पडवींत उभी असे आणि अण्णा ती तेथेंच चालू करून दोनचार मिनिटें गरम होऊं देत. माजघरांत बसणाऱ्या वहिनींचें डोकें त्या वेळीं जड होऊं लागलें. पाहतात तों उजव्या सायलेन्सरच्या पोटाला, खालच्या बाजूस, बोट जाईल एवढें भोंक पडलेलें. पेट्रोलच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावून बसतो. ह्यासाठीं सायलेन्सर धड असो वा फुटका असो, पडवींत किंवा बंद खोलींत गाडी चालू ठेवूं नये. आमच्या घरीं त्या दिवसापासून गाडी ढकलत अंगणांत नेऊन मगच चालू करण्याचा नियम झाला, आणि वहिनींची डोकेदुखीही थांबली.

आतां हें भोंक पडलें कसें? आम्हांस वाटलें, कोंकणचा पाऊस आणि खारी हवा ह्यांचाच हा प्रताप. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळें हा तर्क अगदींच खोटा नव्हता. परंतु अण्णांनीं तो अर्धाच मान्य केला. ते म्हणाले, "वरून गंजलें असतें तर आधीं वरचा मुलामा गेला असता. हा गंज आंतून आला आहे." त्यांनीं समजावून सांगितलेलें कारण असें : पेट्रोल जळतें तेव्हां त्यांतील हायड्रोजनचें पाणी होतें, एक लिटर पेट्रोलापासून जवळजवळ एक लिटर पाणी उत्पन्न होतें. गाडी लांबच्या मजलेवर असली म्हणजे सायलेन्सर तापतो आणि तें पाणी वाफ होऊन निघून जातें. परंतु वाडींतून नाक्यापर्यंत आणि नाक्यावरून वाडींत एवढीच खेप असली, तर सायलेन्सर पुरता तापण्यापूर्वींच गाडी थांबते, वाफेचें पाणी होतें, तें धुरांतील आम्ल घेऊन तळाशीं सांचतें, आणि पत्रा आंतून खात सुटतें. म्हणजे गाडी फार चालविल्यामुळें नव्हे, तर थोडी चालविल्यामुळें सायलेन्सर कुजला होता.

नवा सायलेन्सर आणावा म्हटलें तर तो मिळावा कोठून? ह्या गाडीची कुळकथा थोडक्यांत सांगणें येथें अवश्य आहे. जावा हा मूळचा चेकोस्लोव्हाकियांतील कारखाना. यानेचेक ह्या कारखानदारानें 1929 मध्यें वाँडरर ह्या जर्मन कंपनीची मोटारसायकल बांधण्याचा हक्क घेतला, आणि दोन्ही नांवांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून 'जावा' हें नांव सिद्ध झालें. म्हैसूर येथें आयडियल जावा ह्या कंपनीनें 1961 पासून ह्या गाड्या बांधण्यास आरंभ केला. 1973 पासून त्या येझदी ह्या नांवानें निघूं लागल्या. रोडकिंग 1978 मध्यें आली. आणि 1996 मध्यें तो कारखाना बंद पडला. बुलेट बांधणारा मद्रासचा कारखाना 1955 पासून चालत आला आहे, म्हणून जुन्या बुलेटवाल्यास सुटे भाग मिळण्याची पंचाईत तितकीशी पडत नाहीं. येझदी मात्र पोरकी झाली. तिचे भाग आतां जुन्या सांठ्यांतून शोधावे लागतात, किंवा लहान कारखानदारांनीं केलेल्या नकला घ्याव्या लागतात. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचें करोल बाग, बंगळूरचा जे. सी. रोड हे सुट्या भागांचे मोठे बाजार. तेथें अशा नकला मिळतात, पण नकलेनकलेंत अंतर असतें.

आमच्या चिरंजीवांस इतका शोध करण्याचा धीर नव्हता. "अण्णाकाका, तुम्ही काळजीच करूं नका. चार दिवसांत घरपोंच येईल," असें म्हणून त्यांनीं संगणकावरून एक सायलेन्सर मागविला. सर्व येझदी गाड्यांस चालेल असें त्याच्या वर्णनांत म्हटलें होतें. वस्तु आली ती मोठी चकचकीत. परंतु इंजिनापासून निघणारा जो वांकडा नळ, ज्यास मिस्त्री लोक बेंड पाईप म्हणतात, त्यावर ती दीड मिलिमीटर सैल बसूं लागली. मधल्या फटींत पत्र्याची पट्टी गुंडाळून आणि वरून पट्टा आवळून ती कशीबशी बसविली. आवाज मोठा झाला, तो चिरंजीवांस मनापासून आवडला. मात्र गाडीची ओढ गेली. वाडीची साधी चढण चढतांना दुसऱ्या गिअरवर उतरावें लागे. पेट्रोल अधिक लागूं लागलें. आणि प्लग काढून पाहावा तों त्याचें टोंक भाजल्यासारखें पांढरें. नाक्यावरील मिस्त्रीनें गाडी एकदां फिरवून आणली आणि म्हटलें, "मास्तरांनू, नळी बसली म्हणान काम झाला असा होना नाय."

ह्या वाक्याचा अर्थ समजण्यासाठीं इंजिनाच्या आंत थोडें डोकावणें भाग आहे. बुलेटसारख्या गाडीच्या इंजिनांत धूर जाण्याचें दार उघडणारी व मिटणारी झडप असते. येझदीचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें. त्यास अशी झडप नाहीं. पिस्टन खालीं आला कीं धूर जाण्याचीं आणि नवें मिश्रण येण्याचीं दारें कांहीं क्षण एकदमच उघडीं असतात. त्यामुळें धुराच्या मागोमाग ताजें पेट्रोलही बाहेर पडूं पाहतें. त्यास परत लोटतें कोण? बाहेर पडलेल्या धुराच्या दाबाची लाट नळांतून धांवत जाते, सायलेन्सरच्या निमुळत्या भागावर व आंतल्या पडद्यांवर आपटते आणि उलट फिरून दाराशीं येते. ती वेळेवर पोंचली तर निसटूं पाहणारें मिश्रण थोपविलें जातें. लवकर वा उशिरां आली तर तें वायां जातें. लाटेस लागणारा वेळ नळाच्या लांबीवर आणि सायलेन्सरच्या घडणीवर अवलंबून असतो. म्हणून टू-स्ट्रोक गाडींत सायलेन्सर हा इंजिनास मागाहून जोडलेला दागिना नव्हे, तो इंजिनाचाच एक भाग होय.

ह्या लाटेची किंमत किती असावी? पूर्व जर्मनींतील एम. झेड. कारखान्याचा वाल्टर काडेन ह्या यंत्रज्ञानें 1950 नंतरच्या दशकांत ही लाट हिशेबांत धरून शर्यतीच्या गाड्यांचे धुराचे नळ घडविले, आणि लहानशा इंजिनांतून लोकांस अचंबा वाटावा इतकी शक्ति काढली. त्याच्या गाडीचा स्वार एर्न्स्ट डेग्नर हा 1961 मध्यें स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं निसटून पश्चिमेकडे गेला आणि जपानच्या सुझुकी कंपनीस जाऊन मिळाला. पुढल्याच वर्षीं, म्हणजे 1962 मध्यें, 50 सी. सी. वर्गाचें जगज्जेतेपद सुझुकीवर बसून त्यानेंच मिळविलें. येझदी ही कांहीं शर्यतीची गाडी नव्हे, आणि तिचा सायलेन्सर इतका नाजूक हिशेबाचा नाहीं. परंतु नियम दोहींस एकच लागू आहे.

ह्या सुमारास घरांत आणखी दोन सूचना पुढें आल्या. पहिली अशी कीं, जावा हें नांव 2018 मध्यें आणि येझदी हें 2022 मध्यें बाजारांत पुन्हां आलें आहे, तेव्हां नव्या गाडीचाच सायलेन्सर घ्यावा. 2018 च्या जावालाही दोन सायलेन्सर आहेत, हें खरें. परंतु तिचें इंजिन 293 सी. सी.चें, पाण्यानें थंड होणारें व झडपांचें आहे. नांव एक असलें तरी कूळ निराळें. तो सायलेन्सर ह्या गाडीस जोगता नाहीं. दुसरी सूचना चिरंजीवांची : आहे तोच मोठ्या आवाजाचा सायलेन्सर ठेवून कार्बोरेटर जुळवून घ्यावा. ही मात्र अण्णांनीं साफ नाकारली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 120 वा नियम प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असें सांगतो. आणि आवाजाची व धुराची मर्यादा मोडणारास, 2019 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. पण अण्णांनीं कायद्याचें नांवही काढलें नाहीं. ते इतकेंच म्हणाले, "शेजारीं दीड महिन्याचें मूल आहे. पहांटे दुधाला जातांना मी त्याला रोज जागें करावें काय?" चिरंजीव गप्प राहिले, आणि पुढील कामांत सर्वांत अधिक मेहनत त्यांनींच घेतली, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

मग शोधास रीतसर आरंभ झाला. अण्णांनीं जी पद्धति घालून दिली ती जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणासही उपयोगी पडेल, म्हणून क्रमानें सांगतों. प्रथम गाडीचा नेमका प्रकार व साल कागदपत्रांवरून आणि इंजिनावरील क्रमांकावरून ठरवावें. जावा, येझदी क्लासिक आणि रोडकिंग ह्यांचे सायलेन्सर दिसण्यांत सारखे वाटले तरी एक नव्हेत. दुसरें, बेंड पाईपचा बाहेरचा व्यास व्हर्निअरनें दोन ठिकाणीं मोजावा. जुना पाईप पुष्कळदां चेपून लंबगोल झालेला असतो. तिसरें, सायलेन्सरची एकूण लांबी, पोटाचा घेर, निमुळता भाग कोठें सुरू होतो तें अंतर, आणि गाडीच्या सांगाड्यास बांधण्याच्या भोंकाची जागा हीं सर्व कागदावर आकृति काढून लिहावीं. चौथें, डावा व उजवा हे एकमेकांचीं प्रतिबिंबें असतात, जुळीं भावंडें नव्हेत. मागवितांना बाजू स्पष्ट सांगावी. पांचवें, आंतली जाळी बाहेर काढून तिचींही मापें घ्यावीं. नकली मालांत बाहेरचा आकार बरोबर असतो आणि लबाडी असते ती आंत. सहावें आणि शेवटचें, वजन करावें. पातळ पत्र्याची नक्कल हातांत घेतांच हलकी लागते, आणि दोन पावसाळ्यांत तिचें चाळण होतें.

आमच्या सुदैवानें डावा सायलेन्सर धड होता. त्यावरून उजव्याचीं सर्व मापें उलट बाजूनें मांडतां आलीं. शिवाय उजव्याची आंतली जाळी आणि मागचें टोंक हेही शाबूत होते. कुजला होता तो पोटाचा पत्रा मात्र. तेव्हां प्रश्न बदलला. नवा सायलेन्सर कोठें मिळेल हा प्रश्न राहिला नाहीं. जुन्यास नवें पोट कोण बसवील हा राहिला.

ह्याचें उत्तर घाटावर होतें. कोल्हापूरच्या उद्यमनगरांत ओतकाम, कातकाम आणि पत्र्याचें काम करणारे कारागीर गल्लोगल्लीं आहेत. दिवाळीनंतर अण्णा आणि चिरंजीव दोन्ही सायलेन्सर गोणपाटांत बांधून एस. टी.नें करूळचा घाट चढून तेथें गेले. दोन ठिकाणीं नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणच्या वृद्ध कारागिरानें अण्णांची आकृति पाहिली, धड असलेला सायलेन्सर हातांत घेऊन बोटांनीं वाजविला, आणि दुसरें कांहीं न विचारतां पत्र्याची जाडी किती घ्यावी एवढेंच विचारलें. कुजलेला भाग कापून काढला, त्याच जाडीचा पत्रा लाटून गोल केला, निमुळता भाग निराळा वळवून जोडला, सांधा आंतल्या बाजूस उंचवटा राहणार नाहीं असा झाळला, आणि जुनी जाळी व टोंक परत बसविलें. मुलाम्याविषयीं त्याचा सल्ला असा पडला कीं, क्रोमच्या खालीं निकेलचा चांगला थर नसेल तर क्रोम ही नुसती शोभा. त्याच्या सूक्ष्म चिरांतून पाणी शिरतें. निकेलसह मुलामा देण्यास आठ दिवस लागले. सर्व मिळून खर्च त्या चकचकीत नकलेहून अधिक आला, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ती नक्कल आज माळ्यावर पडली आहे.

बसविण्यांतही एक रीत आहे. इंजिनाच्या दाराशीं जो मोठा नट असतो, त्याच्या आंतील वॉशर नवें घालावें. मग नट व मागचे बोल्ट प्रथम सैल लावून सायलेन्सर आपल्या जागीं सहज बसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि नंतर पुढून मागें क्रमानें आवळत जावें. ओढून ताणून बसविलेला सायलेन्सर थरथरीनें आपली कडी तोडतो. दोनतीन दिवस चालविल्यावर नट पुन्हां एकदां आवळावा आणि सांध्याशीं काळें तेल झिरपतें काय तें पाहावें. शेवटीं प्लगचें टोंक तपासावें : चॉकलेटी रंग असला म्हणजे मिश्रण बरोबर, पांढरा असला म्हणजे पेट्रोल कमी, काळा व ओला असला म्हणजे अधिक. आमच्या प्लगचा रंग पांचव्या दिवशीं चॉकलेटी झाला, आणि वाडीची चढण गाडी पुन्हां तिसऱ्या गिअरवर चढली.

पुढें निगा कशी राखावी? टू-स्ट्रोक गाडींत पेट्रोलमध्यें ऑईल मिसळावें लागतें, आणि त्याची काजळी जाळीवर बसून वाट कोंडते. म्हणून जाळी अधूनमधून काढून साफ करावी. कोणी ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत भिजवितात. तसें करणें झाल्यास तें अंगणांत, निरुपयोगी लोखंडी डब्यांत, हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा घालून करावें; ॲल्युमिनियमचें भांडें तर वापरूंच नये, कारण सोडा त्यास खातो. स्वयंपाकघरांतील पातेलें ह्या कामास नेणाऱ्याची काय गत होते, हें आमच्या चिरंजीवांस विचारावें. दुसरें, आठवड्यांतून एकदां तरी गाडी पंधरावीस किलोमीटर सलग चालवावी, म्हणजे पोटांतील पाणी जळून जाईल. अण्णा आतां दर रविवारीं खारेपाटणपर्यंत जाऊन येतात. वहिनी त्यास रविवारची उनाडकी म्हणतात, आणि अण्णा त्यास गाडीचें पथ्य म्हणतात.

गाडीच्या नोंदणीची मुदत 2024 मध्यें संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं हें नूतनीकरण करावें लागतें, आणि त्यासाठीं वाहन तपासणीस उभें करावें लागतें. धुराच्या तपासणींत 31 मार्च 2000 पर्यंत बांधलेल्या दुचाकीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा शेंकडा साडेचार आहे. सायलेन्सर गळका असला तर त्यांत बाहेरची हवा शिरून हें माप खोटें येतें. आमची गाडी त्या तपासणींतून उतरली, आणि 2029 पर्यंत तिला रस्त्यावर येण्यास मोकळीक मिळाली. त्या दिवशीं अण्णांनीं घरीं पेढे आणले. चिरंजीवांनीं कागद देवापुढें ठेवला, आणि वहिनींनीं त्यावर हळदकुंकू वाहिलें.

जुनी वस्तु टाकूं नये असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. जिच्यापासून अपाय होतो आणि जी दुरुस्त होत नाहीं ती टाकलीच पाहिजे. परंतु टाकावयाची कीं राखावयाची हें ठरविण्यापूर्वीं ती एकदां नीट मोजून पाहावी, एवढें मात्र आम्ही ह्या प्रकरणावरून शिकलों. आमच्या घरीं अर्धें भांडण न मोजल्यामुळें झालें होतें. मापें कागदावर उतरलीं आणि दोन्ही पक्ष एकाच आकृतीवर ओणवे झाले. हल्लीं संध्याकाळीं नाक्याकडून गाडी वळली कीं तिचा तो जुना, दबका, सारख्या तालाचा आवाज येतो, आणि माजघरांतून वहिनी कोणासही न विचारतां चहाचें आधण ठेवतात.